सहा सिलिंडरची स्पोर्ट्स कार आणि तालुक्याचा पंप: साधं पेट्रोल की प्रीमियम?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्याहून २०११ ची बीएमडब्ल्यू झेड४ ३५आय सेकंडहँड घेतली, गाव आर्णीजवळ. गावालगतच्या पंपावर साधं पेट्रोल मिळतं. प्रीमियमसाठी यवतमाळ, म्हणजे जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. १०० ऑक्टेनवालं हवं तर नागपूर. विकणाऱ्याने सांगितलं 'प्रीमियमशिवाय काही टाकू नका', पंपावरचा पोरगा म्हणतो 'कायले टाकता भाऊ, दोन्ही एकाच टँकरमधून येते', आणि अमेरिकेतल्या कुणीतरी व्हिडिओत सांगितलं की ९१ ऑक्टेन पुरतं. मग ऐकायचं कुणाचं?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. रोजच्या फिरण्याला, साध्या चालीला, साधं पेट्रोल चालेल. फक्त ज्या पंपावर पेट्रोल भरभर संपतं तिथलं घ्या. यवतमाळला मुद्दाम प्रीमियमसाठी जाऊ नका. नागपूरला कामाने जाल तेव्हा टाकीत १०० ऑक्टेन भरून या आणि इकडे आल्यावर त्यावर साधं ओता. उन्हाळ्यात आणि गाडी उभी ठेवताना थोडं वेगळं वागायचं, ते पुढे येतंच. आणि या सगळ्याच्या आधी एक तपासणी करायची आहे. ती राहिली तर बाकीचं सगळं वाया.

ती तपासणी म्हणजे गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, कुणी छेडला आहे का हे पाहणं. तुमच्या गाडीतलं इंजिन तीन लिटरचं, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं, दोन टर्बोंचं, कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) १०.२ ला १, कंपनीतून ३०६ अश्वशक्ती. सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायला हे इंजिन जगभर प्रसिद्ध आहे, आणि मुंबई-पुण्यातून येणाऱ्या अशा बऱ्याच गाड्यांवर 'रीमॅप' झालेला असतो. विकणारा ते सांगतोच असं नाही, कधी त्यालाही ठाऊक नसतं. रीमॅप करणाऱ्याने बूस्ट (टर्बोने हवा भरण्याचा दाब) वाढवलेला असतो, स्पार्क पुढे ओढलेला, म्हणजे लवकर पाडलेला असतो, आणि हे सगळं ९८-१०० ऑक्टेन गृहीत धरून. अशा गाडीत आर्णीचं साधं पेट्रोल टाकून मे महिन्यात नांदेड रोडला ट्रक ओव्हरटेक केला, तर पिस्टनच्या कडा जायला वेळ लागत नाही. म्हणून ज्याच्याकडे बीएमडब्ल्यूचं निदान-सॉफ्टवेअर आहे अशा माणसाकडून मूळ फाइल आहे की बदललेली, हे बघून घ्या. बदललेली असेल आणि तुम्हाला गावातच राहायचं असेल, तर सरळ मूळ फाइल टाकून घ्या. खाली जे लिहितोय ते मूळ अवस्थेतल्या गाडीसाठी.

आता ऑक्टेन. बऱ्याच जणांना वाटतं ऑक्टेन जास्त म्हणजे पेट्रोलमध्ये दम जास्त. तसं नसतं. ऑक्टेन म्हणजे दाब आणि उष्णता सोसूनही पेट्रोल आपोआप पेटत नाही, याची क्षमता. आयसो-ऑक्टेनला १०० धरलं, नॉर्मल हेप्टेनला शून्य, आणि प्रयोगशाळेतल्या ठरावीक एक-सिलिंडर इंजिनवर तुमचं पेट्रोल या दोघांच्या कोणत्या मिश्रणासारखं वागतं ते पाहिलं, की आकडा मिळतो. स्पार्कने ज्योत सुरू होते, पसरत जाते, आणि कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबाने तापत राहतं. ज्योत पोहोचण्याआधीच ते स्वतःहून भडकलं की 'नॉक' होतो. बाहेर ऐकू येतो तो पत्र्यावर मूठभर ज्वारी टाकल्यासारखा आवाज. आत मात्र पिस्टनवर धक्के बसत असतात.

तुमच्या इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर बसवलेले आहेत. हे दाबविद्युत स्फटिकाचे तुकडे. या मापाच्या सिलिंडरमध्ये नॉकची थरथर साधारण सहा-सात किलोहर्ट्झला येते आणि सेन्सर ती पकडतात. पकडली की ईसीयू त्या सिलिंडरचा स्पार्क काही अंश मागे घेतो, मग हळूहळू पुन्हा पुढे सरकवून पाहतो. त्यामुळे कमी ऑक्टेन टाकलं म्हणून मूळ अवस्थेतली गाडी लगेच मरत नाही. ती सावध होते, थोडी सुस्त होते, थोडं जास्त पिते. गाडीची कागदावरची ताकद कंपनीने ९८ ऑक्टेनवर मोजलेली असते. ९५ वर ती माझ्या अंदाजाने दोन-चार टक्के घटते. आर्णी-दिग्रस रोडवर गाईगुरं आणि सोयाबीनचे ट्रॅक्टर चुकवत जाताना हे कुणाला कळेल, मला शंकाच आहे.

अमेरिकेतल्या व्हिडिओचा घोळ इथे सोडवू. तिकडच्या पंपावर लिहिलेला आकडा दोन वेगळ्या चाचण्यांची सरासरी असतो. एक चाचणी सौम्य, इंजिनाच्या मिनिटाला ६०० फेऱ्यांवर. दुसरी कडक, ९०० फेऱ्यांवर आणि १४९ अंशांपर्यंत तापवलेल्या मिश्रणावर. आपल्याकडे आणि युरोपात फक्त पहिल्या, सौम्य चाचणीचा आकडा लिहितात. त्याला आरओएन म्हणतात. म्हणून अमेरिकेतलं ९१ म्हणजे आपलं ९५-९६, आणि आपलं जुनं ९१ म्हणजे त्यांचं ८७, जे तिकडे सर्वांत साधं. अमेरिकेतून किंवा दुबईमार्गे आणलेल्या गाडीच्या झाकणावरचा आकडा वाचताना त्यापुढे काय लिहिलंय तेही वाचा. आरओएन लिहिलं असेल तर तो आकडा आपल्या हिशेबाचा. 'आर अधिक एम भागिले दोन', म्हणजे दोन चाचण्यांची सरासरी असेल, तर चार-पाच वाढवून घ्या. हा फरक न कळल्याने कितीतरी भारी गाड्या वर्षानुवर्षं चुकीच्या पेट्रोलवर चालल्या आहेत.

आपल्या पंपांवर आज काय आहे? प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तसं साध्या पेट्रोलचं किमान ऑक्टेन ८८ वरून ९१ झालं. त्यानंतर इथेनॉल वाढत गेलं: २०२२ च्या मध्यापर्यंत दहा टक्के, आणि २०२५ पासून जवळपास सगळीकडे वीस टक्के. इथेनॉलचं स्वतःचं ऑक्टेन १०८ च्या वर. पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये स्पष्ट केलं की ई२० (वीस टक्के इथेनॉल) झाल्यामुळे साध्या पेट्रोलचं ऑक्टेन ९५ वर गेलं आहे. म्हणजे ज्या ९५ साठी आपण पूर्वी प्रीमियमच्या नोझलकडे जायचो, ते आता, निदान कागदावर, साध्या नोझलमध्ये आहे. त्यामुळे 'प्रीमियमशिवाय काही टाकू नका' हा सल्ला पाच-सहा वर्षांपूर्वी बरोबर होता. आज त्याचा बराचसा आधार गेला.

प्रीमियम म्हणून जे मिळतं त्यातही दोन जाती आहेत. एक, ज्यात फक्त सफाईची रसायनं जास्त घातलेली असतात आणि ऑक्टेन साध्याइतकंच. दुसरी, ज्यात ऑक्टेनही जास्त. इंडियन ऑइलचं एक्सपी९५, हिंदुस्तान पेट्रोलियमचं पॉवर९५ यांच्या नावातच आकडा आहे. तो ९५ आहे. लिटरमागे सात-आठ रुपये जास्त देऊन तुम्ही आता मुख्यतः सफाईची रसायनं घेताय. खरा फरक पडतो तो १०० ऑक्टेनवाल्यांत. इंडियन ऑइलने एक्सपी१०० डिसेंबर २०२० मध्ये मोजक्या शहरांत आणलं, नंतर इतर कंपन्यांचंही आलं. लिटरमागे पन्नासेक रुपये जास्त पडतात. नागपूरला जाताना कंपनीच्या अ‍ॅपवर पंप शोधा आणि आधी फोन करा. फलकावर नाव असतं पण टाकीत माल नसतो, हे नेहमीचंच.

सफाईच्या रसायनांबद्दल एक गोष्ट तुमच्या गाडीपुरती. जुन्या पद्धतीच्या इंजिनात इंजेक्टर (पेट्रोल फवारणारी तोटी) इनटेक पोर्टमध्ये, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेत असतो आणि पेट्रोल व्हॉल्व्हच्या पाठीवरून धुवून जातं, त्यामुळे रसायनं व्हॉल्व्ह स्वच्छ ठेवतात. तुमच्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, दोनशे बारच्या दाबाने फवारलं जातं. इनटेक व्हॉल्व्हला ते शिवतच नाही. तिथे ऑइलची वाफ बसून काजळी धरते आणि ती काढायला मॅनिफोल्ड (हवा वाटून देणारी नळी) उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भुकटीने घासावी लागते. कोणतंही प्रीमियम पेट्रोल ते काम करणार नाही. इंजेक्टरच्या तोंडाला मात्र रसायनांचा फायदा होतो, आणि या इंजिनाचे इंजेक्टर महाग आहेत, त्यामुळे अधूनमधून यवतमाळच्या बाजारात गेलात आणि तिथे टाकी भरली, तर हरकत नाही. फक्त त्यासाठी मुद्दाम जाऊ नका. ऐंशी किलोमीटरला गाडी नऊ लिटर पिते; साडेनऊशे रुपये जाळून लिटरमागे सात रुपये महाग असं पंचेचाळीस लिटर 'चांगलं' पेट्रोल आणायचं, हा हिशेब कोणत्या शेतकऱ्याला पटेल?

दुसरा मुद्दा इथेनॉलचा, आणि तुमच्या गाडीत ऑक्टेनपेक्षा तोच मोठा. २०११ च्या सुमाराच्या युरोपीय गाड्या साधारण दहा टक्के इथेनॉल गृहीत धरून बनलेल्या आहेत. आज नोझलमधून वीस येतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा कमी: पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल, इथेनॉलमध्ये २१. वीस टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत सहा-सात टक्के ऊर्जा कमी, म्हणजे मायलेज तेवढं उतरणारच. इंजिनाला हवेच्या मानाने पेट्रोलही जास्त लागतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ भाग हवा लागायची, ई२० ला साडेतेराच्या आसपास. तुमची गाडी ऑक्सिजन सेन्सर पाहून ही भर घालते, पण स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयू कायम किती टक्के जास्त पेट्रोल देतोय तो आकडा) अधिक सहा, अधिक आठ दिसला तर घाबरून एअर लीक शोधत बसू नका. दोन्ही बँकांवर (तीन-तीन सिलिंडरच्या दोन गटांवर) सारखा असेल तर तो इथेनॉलचाच. बाराच्या वर गेला किंवा एकाच बँकेवर वाढला, तर मात्र शोधा.

पंपावर सांगतात तेवढंच इथेनॉल आहे का, हे घरी पाहता येतं. काचेची १०० मिलीची मोजनळी घ्या, कृषी केंद्रात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्याकडे मिळते. त्यात ९० मिली पेट्रोल, १० मिली पाणी. तोंड बंद करून हलवा, मध्ये एकदा वाफ सोडा, आणि पाच-दहा मिनिटं टेकवून ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात जातं आणि खालचा थर वाढतो. दहाचा थर सत्तावीस-अठ्ठावीस झाला, म्हणजे वीस टक्के. एकोणीसच्या आसपास राहिला, म्हणजे दहा. दहाचा दहाच राहिला तर इथेनॉल नाही. हा प्रयोग अंगणात, सावलीत करा. चुलीजवळ किंवा गोठ्यातल्या दिव्याखाली नको. नळीतलं मिश्रण नंतर गाडीत टाकू नका हे सांगायला नको, पण सांगतो.

हाच प्रयोग टाकीच्या तळाशी आपोआप होतो, तेव्हा त्रास सुरू होतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. थोडं पाणी ते पोटात घेऊन ठेवतं, मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतात आणि वर कमी ऑक्टेनचं पेट्रोल उरतं. तुमच्या गाडीच्या हाय प्रेशर पंपाला वंगण पेट्रोलचंच. पाण्याचा घोट त्याला मानवत नाही.

इथे तालुक्याच्या पंपाची गोष्ट येते. प्रीमियमसाठी पंपाखाली वेगळी टाकी असते. टँकरलाही वेगवेगळे कप्पे असतात, त्यामुळे पोराचं 'एकाच टँकरमधून येते' हे खरं असूनही त्याचा अर्थ तो म्हणतो तसा नाही. पण लहान गावात प्रीमियम घेणारे किती? चार-दोन बुलेटवाले आणि एखादे पुढारी. त्या टाकीतला माल हलतच नाही. एकदा उतरवलेलं पेट्रोल आठवडेच्या आठवडे पडून राहतं, हलके घटक उडतात, पावसाळ्यात ओल धरते. असं महागडं शिळं पेट्रोल घेण्यापेक्षा शेजारच्या नोझलमधलं परवाचं साधं पेट्रोल शंभरदा बरं. हायवेवरचा मोठा पंप म्हणजे ताजा माल, असंही समजू नका. तिथे ट्रकांमुळे डिझेल खपतं, पेट्रोल नाही. बसस्टँडजवळचा, बाजाराच्या दिवशी दुचाक्यांची रांग लागते तो पंप शोधा. पेट्रोल तिथे सर्वांत लवकर संपतं.

पंपावर तुमचा हक्क आहे तो वापरा. घनता तपासून मागता येते, पैसे लागत नाहीत. पंपवाला ५०० मिलीच्या जारमध्ये पेट्रोल घेतो, त्यात हायड्रोमीटर आणि तापमापी सोडतो, आणि तक्त्यावरून आकडा १५ अंशांवर आणतो. हा शेवटचा टप्पा लोक विसरतात आणि भांडतात. मे महिन्यात दुपारी जारमध्ये ७२० दिसलं म्हणजे भेसळ नव्हे. बेचाळीस अंशांना पेट्रोल फुगलेलं असतं, १५ अंशांवर तेच ७४० च्या आसपास येतं. हा दुरुस्त आकडा त्या दिवशी टँकर उतरवताना नोंदवलेल्या आकड्याशी ताडायचा. तीनपेक्षा जास्त फरक नको. फिल्टर पेपर मागा, दोन थेंब टाका; वाळल्यावर डाग उरला तर काहीतरी जड मिसळलंय. पाऊस झोडपून गेला असेल तर टाकीत पाणी-पेस्ट लावलेली दांडी टाकायला सांगा, रंग बदलला की पाणी. आणि टँकर उतरवणं चालू असेल तर त्या वेळी भरू नका, तळातला गाळ ढवळलेला असतो. यातल्या एकाही तपासणीने ऑक्टेन कळत नाही हेही लक्षात असू द्या. ते फक्त प्रयोगशाळेत कळतं, किंवा तुमच्या गाडीच्या नॉक सेन्सरला.

आता उन्हाळा. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा इथे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो. यवतमाळ फार मागे नाही. आत येणारी हवा जितकी गरम, तितका नॉक जवळ. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती आणखी तापते, मग इंटरकूलर तिला थंड करतो. इथे आपल्या भागाची खास अडचण आहे, जी पुण्या-मुंबईच्या मेकॅनिकला कधी दिसत नाही. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या जिनिंगकडे निघतात, वणी-हिंगणघाट-यवतमाळच्या रस्त्यांवर रुई उडत असते, आणि ती इंटरकूलर आणि रेडिएटरच्या जाळीत जाऊन बसते. त्यावर रस्त्याची धूळ, त्यावर किडे. मार्चपर्यंत पुढून पाहिलं तर जाळी दिसते, पण बंपर उतरवल्यावर इंटरकूलरच्या पंखांत राखाडी गादी जमलेली असते, बोटाने उचलली की पट्टीसारखी निघते. अशा गाडीला १०० ऑक्टेन पाजून काय उपयोग? होळीच्या आसपास एकदा बंपर उतरवा, मागून पुढे अशा दिशेने हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळून मारू नका, पंख झोपतात. दुपारच्या नॉकला याने जितका फरक पडतो तितका लिटरमागे पन्नास रुपये देऊन पडणार नाही.

चालवण्याच्या सवयीतही थोडा बदल करा. सहाव्या गिअरात पंधराशे फेऱ्यांवर असताना एकदम पाय दाबून ओव्हरटेक करणं टर्बो गाडीला वाईट. कमी फेऱ्या आणि जास्त भार यात स्पार्कच्याही आधी मिश्रण पेटण्याचा धोका असतो. तो नॉकपेक्षा वेगळा आणि जास्त घातक, आणि ऑक्टेन त्याला फारसं अडवत नाही; ऑइलचा दर्जा अडवतो. दोन गिअर खाली घ्या, मग दाबा. चिखलदऱ्याला जाल तेव्हा सुमारे अकराशे मीटर उंचीवर हवा विरळ म्हणून नॉक कमी, असं कुणी सांगेल. साध्या इंजिनाला ते लागू पडतं. तुमचा टर्बो ती विरळ हवा पुन्हा दाबून भरून काढतो, त्यामुळे घाटातही दुपारी जपूनच.

आता वर्षाचा बेत. बियाण्यांच्या कामाला तुम्ही महिन्यातून नागपूरला जाताच. टाकी ५५ लिटरची. तिथे जवळपास रिकाम्या टाकीत १०० ऑक्टेन भरा, शक्यतो इथेनॉल नसलेलं. आहे की नाही ते विचारून घ्या, शंका असेल तर वर सांगितलेली मोजनळी आहेच. आर्णीपर्यंत वीसेक लिटर जळतं, पस्तीस उरतं. त्यावर बाजारातल्या पंपाचं वीस लिटर साधं टाकलं, की पस्तीस गुणिले शंभर अधिक वीस गुणिले पंचाण्णव भागिले पंचावन्न, म्हणजे ९८ च्या किंचित वर. मिश्रणाचं ऑक्टेन असं सरळ बेरजेने साधारण जुळतं, थोडं इकडे-तिकडे. आणि इथेनॉल किती? वीस लिटरातलं चार, म्हणजे पंचावन्नात सात टक्के. गाडीला हवं ते ९८, आणि इथेनॉल दहाच्या आत. दोन्ही एका फटक्यात. निम्मं-निम्मं केलं तरी साडेसत्त्याण्णव आणि दहा टक्के येतं. म्हणून सांगतो, पूर्ण टाकी १०० ची लागतच नाही. डबे भरून डिक्कीत आणू नका. पंचेचाळीस अंशांत बंद डिक्कीत पेट्रोलचा डबा, आणि तुमच्या गाडीत डिक्की आणि सीट यांत अंतर ते किती!

नागपूरची फेरी चुकली तर साधं टाका आणि शांतपणे चालवा. त्याने इंजिन खराब होणार नाही. मार्च ते जून मात्र मिश्रणाचा नियम शक्यतो पाळा. पावसाळ्यात पेरणीच्या गडबडीत गाडी शेडमध्ये उभी राहणार असेल, तर उभी करण्याआधी इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने टाकी गच्च भरा. रिकामी जागा कमी, तर ओली हवा कमी. पंधरा दिवसांतून एकदा नुसती सुरू करून बंद करण्यापेक्षा वीस किलोमीटर फिरवून आणा, म्हणजे ऑइलही तापेल आणि त्यातलं पाणी उडेल.

काही गोष्टी चटकन सांगून टाकतो, कारण कुणीतरी तुम्हाला त्या सुचवणारच. ऑक्टेन बूस्टरची बाटली: 'दहा पॉइंट वाढतो' असं लिहिलेलं असतं, आणि दहा पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन. काहींत लोहाचं किंवा मँगनीजचं संयुग असतं, ते प्लगवर तांबूस थर बसवतं. नको. विमानाचं पेट्रोल: गोंदियाच्या बिरसीला वैमानिक-प्रशिक्षण चालतं, तेव्हा 'तिथून १०० ऑक्टेन आणू' ही कल्पना कुणाच्या तरी डोक्यात येतेच. त्या १०० एलएल पेट्रोलमध्ये शिसं असतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर दोन्ही गेले म्हणून समजा. रॉकेलचा विषय मी काढतही नाही. तुमच्या मित्राची निसान ३७०झेड आहे म्हणालात. तिचं ३.७ लिटरचं व्ही-६ विनाटर्बो, कॉम्प्रेशन मात्र ११ ला १, आणि पेट्रोल पोर्टमध्ये फवारणारं. तिला सफाईच्या रसायनांचा फायदा तुमच्यापेक्षा जास्त, आणि उन्हाळ्यातला धोका थोडा कमी. मिश्रणाचा हिशेब तिलाही तोच लावा, टाकी फक्त मोठी आहे.

आता स्वतः पडताळून बघा. बाराशे-पंधराशे रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी डोंगल (गाडीच्या निदान-सॉकेटला लावायचा) आणि या इंजिनाला ओळखणारं अ‍ॅप घ्या. एकदा साध्या पेट्रोलवर, एकदा मिश्रणावर, दुपारी दोनच्या सुमारास, मोकळ्या रस्त्यावर, शेजारी कुणाला फोन धरायला बसवून, तिसऱ्या गिअरात अडीच हजारांपासून पाच हजार फेऱ्यांपर्यंत एकसारखा पाय दाबा. इनटेकचं तापमान, आणि प्रत्येक सिलिंडरचा स्पार्क किती अंश मागे गेला, एवढं नोंदवा. सगळ्या रकान्यांत शून्य ते एक-दीड दिसत असेल तर साध्या पेट्रोलवरही गाडी समाधानी आहे, पैसे वाचवा. सहाही सिलिंडर तीन-चार अंश मागे जात असतील तर पेट्रोल कमी पडतंय किंवा हवा फार तापतेय, आधी इंटरकूलर बघा. आणि एकच सिलिंडर सतत मागे जात असेल, बाकीचे ठीक, तर ते पेट्रोल नाही. प्लग, कॉइल किंवा तो एक इंजेक्टर आहे. पेट्रोल बदलत बसलात तर तो इंजेक्टर तसाच राहील. त्या दोन्ही फाइली मला पाठवा, सोबत गाडीचं किलोमीटर आणि प्लग शेवटचे कधी बदलले ते लिहा.